लावणी मोकळी, नाव राखीव

सोलापूरचे शाहीर रामजोशी यांचा जन्म १७६२ च्या सुमाराचा आणि मृत्यू १८१२ च्या आसपासचा. हिंदुस्थानात स्वामित्वहक्काचा पहिला कायदा आला १८४७ साली. म्हणजे आज ज्याला आपण कॉपीराइट म्हणतो ती चीज रामजोशींच्या हयातीत इकडे कोणाच्या गावीही नव्हती, आणि कायदा आला तेव्हा त्यांना जाऊन पस्तीसएक वर्षे झाली होती. त्यामुळे त्यांच्या लावण्या मुदत संपून मोकळ्या झाल्या असे म्हणता येत नाही. त्या जन्मापासूनच मोकळ्या होत्या. कोणीही गाव्यात, कोणीही उतरून घ्याव्यात, चाल बदलावी, एखादे कडवे गाळावे. दरवर्षी १ जानेवारीला आणखी काही लेखकांचे लेखन कायद्याच्या कुंपणाबाहेर येते आणि ते आता कोणाच्याही हाती लागून नासणार की नव्याने उभे राहणार, हा वाद निघतो. नुसते अंदाज बांधत बसण्यापेक्षा दोनशे वर्षे कुंपणाविना राहिलेल्या एका कवीचे काय झाले ते पाहिलेले बरे. माझे म्हणणे असे की रामजोशी टिकले ते त्यांच्या रचनांना हात लावणाऱ्यांमुळे. आणि या सगळ्या देवघेवीत जपले गेले ते शब्दांवरचे स्वामित्व नव्हे, कर्त्याचे नाव.

रामजोशींचे स्वतःचे आयुष्यच या बाबतीत बोलके आहे. घर जोशीपणाचे आणि पुराणिकाचे, थोरले बंधू मुद्गल कथाकीर्तनात नाव कमावलेले. धाकट्याला मात्र तमाशाचा नाद लागला. धोंडीबा नावाच्या शाहिराच्या फडाशी त्याची जवळीक झाली, लावण्या रचून देणे सुरू झाले आणि ब्राह्मणाच्या पोराने डफ-तुणतुण्यात रमावे हे घराला न सोसल्याने त्याला बाहेर पडावे लागले. पुढे पंढरपुरात संस्कृतचे अध्ययन, पुन्हा लावण्या, मग कीर्तन. कीर्तनाला उभे राहिल्यावर त्यांनी उचलले ते बारामतीच्या मोरोपंतांचे काव्य. मोरोपंत तेव्हा हयात होते. त्यांचा मृत्यू १७९४ चा. त्यांच्या आर्या पोथीत वाचायला बसले तर जड जातात. मात्रांचे गणित चोख, यमके नेमकी, पण शब्द इतके दाटीने भरलेले की सामान्य श्रोत्याला अर्थाचा धागा सापडेपर्यंत पुढची आर्या येते. रामजोशींनी ती तालासुरात सांगितली, मधे निरूपण घातले, आणि फडावर श्रोता कसा धरून ठेवायचा हे जे तमाशाने शिकवले होते ते देवळाच्या सभामंडपात वापरले. पंतांचे काव्य पंडितांच्या ओसरीवरून चारचौघांत नेण्याचे श्रेय रामजोशींना दिले जाते ते त्यामुळे. हयात कवीची रचना, वेगळा कलाप्रकार आणि वेगळा श्रोतृवर्ग: आज यासाठी करारनामा करावा लागेल. तेव्हा एकच दंडक होता, आर्या पंतांच्या म्हणूनच सांगायच्या.

हा दंडक कोणा दरबाराने घातलेला नव्हता. तो रचनेतच विणलेला होता. अभंग असो, पद असो वा लावणी, शेवटच्या कडव्यात कर्त्याची नाममुद्रा येते आणि ती बहुधा यमकात किंवा यमकाच्या आधारावर बसवलेली असते. दुसऱ्याने तिथे आपले नाव घुसडायचे म्हटले तर मात्रा कमीजास्त होतात, ताल अडखळतो आणि जाणत्या श्रोत्याला खोट तिथल्या तिथे कळते. मधली कडवी इकडची तिकडे झाली तरी खपून जायचे. शेवटचे कडवे चोरणे अवघड होते. मूळ जपण्याची ही मौखिक युक्ती कागदी नोंदीपेक्षा फार कमकुवत होती असे मला वाटत नाही. तमाशाच्या फडात एकाची लावणी दुसऱ्याने गाण्याला कोणी चोरी म्हणत नसे. नाव बदलून गाणाऱ्याची मात्र शोभा होई.

जुन्याचे नवे करणे हाच तर या मुलखाचा साहित्यव्यवहार होता. आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नाझऱ्याच्या श्रीधर कवींनी ‘हरिविजय’ १७०२ साली, ‘रामविजय’ १७०३ साली आणि ‘पांडवप्रताप’ १७१२ साली पुरा केला. तिन्हींतली कथा जुनी, सर्वांना पाठ असलेली. नवी होती ती बायाबापड्यांना समजेल अशी ओवी. घरोघरच्या पोथ्यांत व्यास-वाल्मीकी पोहोचले ते श्रीधरांच्या हातून. मोरोपंतांनी एकाच रामकथेवर शंभरावर रामायणे रचल्याची ख्याती आहे, आणि त्यांतली काही निव्वळ शब्दकसरत आहे हे त्यांच्या भक्तांनीही कबूल करावे. तरी या परंपरेचे सोवळे चित्र काढू नये. मोकळ्या कृतीत भेसळ होते, आणि ती जुन्या माणसांनाही डाचत होती. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठ बिघडले होते म्हणूनच, आणि तिच्या अखेरीस आपली ओवी आत घालू पाहणाऱ्याला त्यांनी चांगलेच फटकारले आहे. लक्षात घेण्यासारखे हे की याच एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतःचा विस्तीर्ण ग्रंथ लिहिला, ‘भावार्थरामायण’ हाती घेतले, भारुडे रचली. जुन्यावर नवे रचायला त्यांचा विरोध नव्हता. नवे जुन्याच्या नावावर खपवायला होता. माझ्या मते सगळा प्रश्न या भेदावर उभा आहे.

छापखाना आल्यावर रामजोशींचे काय झाले? लावण्या शाहिरांच्या आणि गोंधळ्यांच्या तोंडी होत्या, कोणाच्या वहीत होत्या. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी हॅरी अॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर १८९१ साली पोवाड्यांचा मोठा संग्रह काढला, आणि शाळिग्रामांनीच रामजोशींच्या लावण्याही छापून आणल्या. हे काम झाले नसते तर पुढचा सगळा इतिहास घडलाच नसता. कृती कायद्याने मोकळी असणे आणि ती कोणाच्या हाताला लागणे यांत मोठे अंतर असते, आणि ते अंतर कोणीतरी रात्रंदिवस खपून कापावे लागते. सोलापुरातच याचे दुसरे, वेगळ्या जातीचे उदाहरण आहे. जैन संस्कृति संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने यतिवृषभाचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्याकडून संपादून घेतला आणि १९४३ व १९५१ साली दोन भागांत प्रसिद्ध केला. विश्वाची रचना आणि तिचे गणित सांगणारा हा ग्रंथ शतकानुशतके मोकळाच होता. पण हस्तलिखितांच्या बासनात बांधलेली मोकळीक अभ्यासकाच्या काय कामाची? आता विचारावे लागते की अशा संपादकाचा हक्क कशावर. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या डिसेंबरात ईस्टर्न बुक कंपनी आणि डी. बी. मोडक यांच्यातल्या दाव्यात रेघ आखून दिली: नुसत्या कष्टाने आणि भांडवलाने हक्क मिळत नाही, संपादकाच्या स्वतःच्या बुद्धीची निदान थोडी भर हवी. तो खटला न्यायनिर्णयांच्या छपाईचा होता, पण तत्त्व पोथ्यांनाही लागू पडते. प्रस्तावना, टीपा, अनुवाद संपादकाचे. मूळ गाथा सर्वांची. ही रेघ मला रास्त वाटते. संपादकाला मान द्यावा, पुस्तकाला किंमत द्यावी, पण ज्याने बासन सोडले त्याने ग्रंथच आपला म्हणू नये.

आता १९४७. राजकमल कलामंदिरचा ‘लोकशाहीर रामजोशी’ त्या वर्षी आला. दिग्दर्शनाला बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम ही दोन नावे, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. जयराम शिलेदार रामजोशी झाले आणि हंसा वाडकर नायिका बया. हिंदीतही तो ‘मतवाला शायर रामजोशी’ म्हणून निघाला. युद्धानंतर मराठी चित्रपटाला ऊब आणणारा आणि पुढच्या सगळ्या तमाशापटांची वाट पाडणारा चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. यात रामजोशींच्या मूळ लावण्या होत्या आणि त्यांच्या शेजारी माडगूळकरांनी त्याच घाटाच्या नव्या रचना बसवल्या होत्या, सवालजबाबांसह. सोलापूरचा शाहीर जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावर तो चित्रपटगृहांत पुन्हा गायला लागला, आणि त्यासाठी ना कोणाची परवानगी लागली ना कोणाला मानधन द्यावे लागले. मोकळ्या कृतीतून नवी कृती कशी जन्मते याचा याहून चांगला पुरावा मराठीत क्वचितच सापडेल. त्याच्या आधी सोळा वर्षे, १९३१ साली, मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेवर ना. वि. कुलकर्णींनी नाटक लिहिले, मास्तर कृष्णरावांनी चाली दिल्या, बालगंधर्वांनी भूमिका केली आणि पंधराव्या शतकातल्या त्या संत कवयित्रीचे अभंग महाराष्ट्रभर घुमले. आज तिचे अभंग ज्यांना म्हणता येतात त्यांतल्या बहुतेकांच्या कानात चाल असते ती नाटकाची.

गंमत म्हणजे १९४७ चा तो चित्रपट आज स्वतःच तीन थरांत सापडतो. रामजोशींचे शब्द पूर्वीपासून मोकळे. चित्रपटाची मुदत, प्रदर्शनापासून ६० वर्षे या नियमाने मोजली तर, २००७ अखेर भरते. पण आतल्या शब्दांचा आणि संगीताचा हक्क चित्रपटापासून वेगळा चालतो, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. वसंत देसाई १९७५ साली गेले, म्हणजे त्यांचे संगीत २०३५ अखेरपर्यंत बांधलेले. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत. उद्या सोलापुरातल्या एखाद्या नाट्यसंस्थेला या गाण्यांवर प्रयोग बसवायचा झाला तर कुठली लावणी १८०० च्या आगेमागेची आणि कुठली १९४७ ची, हे कडव्याकडव्याला ठाऊक असायला हवे. माडगूळकरांची लेखणी जुन्या बाजात इतकी मुरलेली की नुसत्या कानाने ते ओळखता येणे कठीण.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. मोकळीक दिली की मूळ पुसले जाते. ‘संत तुकाराम’ या प्रभातच्या १९३६ च्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की लोक तो गाथेत शोधू लागले, आणि अजूनही कित्येक जण तो तुकोबांचाच समजतात. रामजोशींच्या बाबतीतही चित्रपटातले प्रेमप्रकरण आणि त्यातले नाट्य हाच आता लोकांच्या मनातला चरित्रग्रंथ झाला आहे. हे नुकसान आहे हे मान्य. पण उपाय कोणता? आणखी लांब मुदत हा नव्हे. आठवल्यांनी तुकोबांचा एक शब्दही घेतला नव्हता, त्यामुळे तुकोबांच्या शब्दांवर स्वामित्वहक्क असता तरी तो अभंग अडला नसता. शब्द जपणारा कायदा शैलीला हात लावू शकत नाही आणि लावूही नये. जे हवे होते ते एवढेच, की कोणते गीत कोणाचे हे ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचावे. श्रेयनामावली पडद्यावर असतेच. पण गाणे नभोवाणीवर आणि देवळाच्या भोंग्यावर गेले की ती मागे राहते. लावणीत नाव लावणीबरोबर फिरत होते. ती सोय चित्रपटाने घालवली.

कायदाही उशिरा का होईना या दिशेला सरकला आहे. स्वामित्वहक्काच्या १९५७ च्या कायद्यातले ५७ वे कलम लेखकाचा एक वेगळा हक्क मानते: कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि आपली अब्रू जाईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. मोडतोडीविरुद्धचा हक्क पूर्वी स्वामित्वहक्काच्या मुदतीपुरता होता. २०१२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा घालणारे शब्द गाळले. म्हणजे पैशाचा हक्क संपला तरी नावाचा राहू शकतो. अडचण इतकीच की हा हक्क लेखकाने किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधींनी बजवायचा, आणि रामजोशींचे प्रतिनिधी आता कोण? कान्होपात्रेचे कोण? तेव्हा जुन्या कवींच्या बाबतीत नाव राखण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच येऊन पडते, मोरोपंतांच्या आर्या सांगताना ती रामजोशींवर होती तशी.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला पहिल्याहून जास्त टोचतो. मोकळ्या लावणीवर चित्रपट कंपन्यांनी गल्ला भरला. ज्या बायकांनी ती लावणी दीडशे वर्षे गळ्यात आणि पायांत जिवंत ठेवली त्यांना काय मिळाले? पंढरपूर आणि मोडनिंब ही याच जिल्ह्यातली लावणीची ठाणी. बैठकीच्या लावणीच्या सत्यभामाबाई पंढरपूरकर इथल्या, विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला आणि अखेरची वर्षे ओढग्रस्तीत गेली. एकाच ओळीवर पाच-सहा तऱ्हेने अदा करताना अर्थ जो फिरतो तो कवीने कागदावर ठेवलेला नसतो, तो गाणारीचा असतो. यावर उत्तर म्हणून लोककलेला कायमचे कुंपण घाला असे सुचवले जाते. पण मग कुंपणाची किल्ली कोणाच्या कमरेला? फडमालकाच्या, संस्थेच्या की सरकारी खात्याच्या? अन्याय झाला तो लावणी मोकळी होती म्हणून नव्हे, तर कायद्याच्या लेखी लिहिणारा तेवढा कर्ता आणि सादर करणारी कोणीच नाही, म्हणून. सादरकर्त्यांचे हक्क आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आले. तोवर मराठी तमाशापटांचे वैभवाचे दिवस सरले होते.

सोलापूरच्या धंद्याकडे पाहिले तर हाच भेद वेगळ्या रूपात दिसतो. जॅकार्डच्या मागावर चादरीची नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर साठवलेली असते. पट्ट्या हाती आल्या की तीच नक्षी दुसऱ्या मागावर उतरते. २००० च्या कायद्याखाली नोंदवलेल्या नक्षीला संरक्षण मिळते १० वर्षे, वाढवून १५. त्यानंतर ती कोणाचीही. ‘सोलापुरी चादर’ या नावाला मात्र भौगोलिक मानांकन आहे आणि ते दर १० वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ राखता येते. फूल-वेल सर्वांची, ठिकाणाचे नाव राखीव. दुसरीकडची स्वस्त चादर सोलापुरी म्हणून खपवणाऱ्यांमुळे हे मानांकन व्यवहारात किती राखले जाते हा प्रश्न आहेच; पण नेमके काय राखायचे याची समज या व्यवस्थेत चोख आहे. विणकराची नक्षी १५ वर्षांत मोकळी होते आणि कवीचे गाणे त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे बांधलेले राहते, याचे पटणारे कारण मला कुठे सापडत नाही.

ही ६० वर्षेही पूर्वी ५० होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले. त्यांचे साहित्य १९९१ संपताच मोकळे होणार म्हणून घाईने अध्यादेश निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने सर्वच लेखकांची मुदत १० वर्षांनी वाढली. एका कवीच्या काळजीपोटी देशभरच्या लेखकांना कुलूप लागले. साने गुरुजी, ज्यांनी १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून पंढरपुरात उपोषण केले, ते १९५० साली गेले. २००१ ऐवजी २०११ साली त्यांची पुस्तके मोकळी झाली. मग ‘श्यामची आई’ अनेक प्रकाशकांनी काढली, छोट्या शहरांच्या पुस्तक प्रदर्शनांत ती स्वस्तात मिळू लागली आणि २०२३ साली तिच्यावर नवा चित्रपटही आला. काही आवृत्त्या गचाळ आहेत, मुद्रितशोधनाच्या नावाने शंख. पण १९३५ चे पुस्तक त्यामुळे बुडाले नाही. वारसांच्या पोटाचा प्रश्न या चर्चेत हमखास काढला जातो आणि लेखकाच्या पश्चात मुलाबाळांना काही वर्षे आधार असावा हे योग्यच. पण तिसऱ्या पिढीपर्यंत पैसे मिळत राहतील इतके खपणारे मराठी लेखक मोजकेच. उरलेल्यांच्या बाबतीत लांबलेली मुदत वारसाला रुपया देत नाही आणि नव्या प्रकाशकाला हात लावू देत नाही. परवानगी मागायची तर कोणाकडे, हेच कळत नाही.

याची पुढची कसोटी सोलापूर जिल्ह्याच्याच वाट्याला येणार आहे. मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, १९१६ साली बार्शीत जन्मले आणि २९ ऑगस्ट १९६९ ला गेले. लाल बावटा कलापथकातले त्यांचे सहकारी अण्णाभाऊ साठे त्याच्या सहाच आठवडे आधी, १८ जुलैला गेले होते. दोघांचे लेखन १ जानेवारी २०३० ला एकाच दिवशी मोकळे होईल. जुनी ५० वर्षांची मुदत असती तर ते २०२० लाच झाले असते. हे दोघे जुन्याचे नवे करण्यातले उस्ताद होते. अण्णाभाऊंनी तमाशाच्या गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला वंदन आणले, वगात मालक-मजुराचा झगडा आणला आणि तमाशाचे लोकनाट्य केले. त्यांची मुंबईवरची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली ती अमर शेखांच्या आवाजात. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे अमर शेखांचे संग्रह त्या दिवशी कोणालाही छापता येतील, पण त्या छापील ओळींवर चाल लिहिलेली नाही. ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी, प्रसिद्धीपासून ६० वर्षे. आणि मुळात मुद्रित झाले ते थोडेच. बार्शी-सोलापूरच्या गिरणगावांत, त्यांच्या सभांना बसलेल्या माणसांच्या कानात जे राहिले होते ते त्या माणसांबरोबर जात आहे. रामजोशींना शाळिग्राम भेटले तेव्हा लावण्या अजून फडावर गायल्या जात होत्या. अमर शेखांचे शब्द मोकळे होतील तेव्हा चाल सांगणारा कोणी उरावा असे वाटत असेल, तर ते अभ्यासापुरते टिपून ठेवण्याला आजही कायद्याची आडकाठी नाही. गाणाऱ्याची संमती आणि एक ध्वनिमुद्रक एवढे पुरते, आणि हे काम सोलापूरच्या विद्यापीठाने, बार्शीच्या वाचनालयांनी किंवा एखाद्या हौशी मंडळाने २०३० उजाडण्याची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे.